आधी छाटणी विचारा, मग खोली बुक करा

पुण्यात वाइनच्या सहलीचे बेत ठरतात ते साधारण एकाच पद्धतीने. जोडून सुट्ट्या कधी आहेत ते बघायचं, नाशिकला खोली मिळते का पाहायचं आणि गाडी कोण चालवणार हा विषय 'बघू नंतर' म्हणून सोडून द्यायचा. यातल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या गृहीतकांवर उभ्या आहेत. वाइनरी म्हणजे बागेतला बार, हे त्या सगळ्यांचं मूळ. खरं तर ती आधी द्राक्षशेती आहे, मग कारखाना, आणि चव घ्यायचं दालन अगदी शेवटी येतं. त्यामुळे तिथे जायचं ते बागेच्या सोयीने.

"पावसाळ्यात जाऊ, हिरवंगार असतं"

हिरवंगार असतं हे खरं. घड मात्र नसतात. जुलैत नाशिकला जाऊन 'द्राक्षं कुठायत?' असं विचारणाऱ्या मंडळींना तिथली माणसं काय म्हणत असतील, याची कल्पना करवत नाही.

युरोपात वेल थंडीत झोपी जातो, हिवाळा सरता सरता एकदा छाटणी होते आणि काढणी येते साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे वेल पूर्ण झोपेल इतकी थंडीच पडत नाही. म्हणून महाराष्ट्रातला बागाईतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतो. उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास, खरड छाटणी होते. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवरच्या, जुन्या काड्या बुडापाशी कापल्या जातात आणि बाग पार बोडकी दिसते. मग नव्या काड्या फुटतात. या काड्यांच्या डोळ्यांत, बाहेरून काहीही दिसत नसताना, पुढच्या हंगामाचा घड ठरत असतो. बागाईतदार त्याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात, आणि त्या दिवसांत ऊन कमी पडलं, ढगाळ राहिलं तर पुढे घड कमी लागतात. पावसाळ्यात आपण ज्या हिरवळीपुढे उभे राहून फोटो काढतो, ती या कामाला लागलेली पानं असतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, फळछाटणी. तिला गोडी छाटणीही म्हणतात. तिच्यानंतर घड दिसू लागतात आणि जानेवारी ते मार्च काढणी चालते.

तेव्हा जायचं असेल तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पांढऱ्या वाइनची द्राक्षं साधारण आधी उतरतात, काबर्ने सोव्हिन्योंसारखी काळी नंतर. तोडणी भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत होते, कारण तापलेली द्राक्षं टाकीत जाण्याआधीच बिघडायला लागतात. दुपारी बाराला पोचणाऱ्याला रिकामे क्रेट आणि धुतलेली फरशी दिसते. त्यामुळे आदल्या रात्रीच तिथे पोचून मुक्काम करावा, किंवा पुण्यातून अंधारात निघावं.

याच काळात एक फसगत दडलेली आहे. ऐन हंगामातली सर्वांत लोकप्रिय जोडसुट्टी २६ जानेवारीची, आणि तो ड्राय डे. बाग दिसेल, यंत्रं दिसतील, पेला हाती येणार नाही. निवडणुका लागल्या असतील तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडेच.

"वाइन म्हणजे नाशिक"

नाशिकचा मान मोठा आहे, त्यात वाद नाही. राजीव सामंतांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सुला उभी केली, २००० साली तिची पहिली वाइन आली, पुढे दिंडोरीत शाँदाँसारखी परदेशी कंपनी आली, 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. पण पुणेकरासाठी नाशिक म्हणजे २१० किलोमीटर, आणि त्यात चाकण. ज्याने शनिवारी सकाळी चाकणचा चौक ओलांडला आहे त्याला अधिक सांगायला नको.

शिवाय महाराष्ट्रातली आधुनिक वाइन सुलापासून सुरू झाली, हेही खरं नाही. तिची पहिली मोठी गोष्ट पुणे जिल्ह्यातच घडली. नारायणगाव आपल्याला तमाशाच्या राहुट्यांसाठी आणि टोमॅटोच्या बाजारासाठी ठाऊक. त्याच नारायणगावात शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन बनवली आणि 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशात विकली. सुलाची पहिली बाटली तेव्हा अजून दशकभर लांब होती. ती कंपनी, शातो इंडाज, पुढे कर्जात अडकून बंद पडली. नाशिकला जाताना गाडी त्याच गावावरून जाते आणि आत बसलेल्यांना त्याचा पत्ता नसतो.

माझ्या मते पुणेकराने आधी सोलापूर रस्ता धरावा. शहर संपता संपता मांजरी लागते. तिथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ते पर्यटनस्थळ नाही, पण ज्या वाणांवर, खुंटांवर आणि छाटण्यांवर हा सगळा धंदा उभा आहे त्यांचा अभ्यास तिथे चालतो. पाटसवरून बारामतीकडे वळलं की रोटी घाट. तुकोबांच्या पालखीमुळे हा घाट पुण्याच्या घराघरांत माहीत आहे. त्याच रोटी गावाच्या शिवारात फ्रेंच हवेलीच्या धर्तीवर बांधलेली फोर सीझन्स वाइनरी आहे. यूबी समूहाने ती उभारली, पुढे ती ग्रोव्हर झाम्पाकडे गेली. पुण्यापासून अंतर ७०-७५ किलोमीटर. म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी घरी.

आणखी पुढे, १७० किलोमीटरच्या आसपास, अकलूज. मोहिते-पाटलांचं अकलूज, उसाचं आणि साखर कारखान्याचं. तिथे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून फ्रातेल्ली सुरू केली. पिएरो मासी हे इटालियन वाइनतज्ज्ञ तिथे आले आणि माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीच्या माळावर सांजोव्हेझे हा तस्कनीचा वाण रुजला. आजूबाजूला ऊस, मध्ये इटालियन द्राक्षं, हे दृश्य नाशिकला मिळत नाही. गर्दीही तिथल्या मानाने कमी. मात्र यातल्या कुठेही न कळवता जाऊन उभं राहू नये. वेळ ठरवून, फोन करून जावं. हंगामात तिथल्या माणसांना दुसरी कामं असतात.

"तीच द्राक्षं, उरली की वाइन"

मार्केट यार्डात न खपलेला माल वाइनरीत जातो, अशी एक पक्की समजूत आहे. चांगली वाइन अशी होत नाही. आपण खातो ती थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस. मणी टपोरा व्हावा म्हणून या घडांना जिबरेलिक ॲसिड देतात. बागाईतदारांच्या तोंडी ते नुसतं 'जीए'. वाइनच्या द्राक्षाला हे लाड नकोत. तिथे मणी जितका लहान तितकं चांगलं, कारण रसाच्या मानाने साल जास्त मिळते, आणि रंग, वास, तुरटपणा यांचा बराचसा ऐवज सालीतच असतो.

संधी मिळाली तर शिराझचा एक मणी मागून खा. मागून, कारण फवारणी कधी झाली आहे ते बागेतल्या माणसालाच ठाऊक. वाटाण्याएवढा मणी, जाड साल, आत बिया, आणि चावल्यावर दाढांना जाणवणारा तुरटपणा. त्यामागे येणारी गोडी मात्र चकित करते. वाइनची द्राक्षं आंबट असतात, ही समजूत त्या एका मण्यात संपते. खायच्या द्राक्षाची तोडणी साधारण १८ ब्रिक्स गोडीला होते, वाइनच्या द्राक्षाची २२ ते २४ला. तेवढी साखर लागतेच, कारण यीस्ट तिचंच अल्कोहोल करतं.

तोच मणी बोटांनी दाबून पाहा. साल काळीभोर, पण रस जवळजवळ बिनरंगी. लाल वाइनचा लाल रंग रसाचा नसतोच. रस सालीसकट आंबवला की लाल, सालीबरोबर काही तासच ठेवला की रोझे, आणि साल लगेच बाजूला केली तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन होते.

आणि हो, द्राक्षं पायांनी तुडवण्याचा कार्यक्रम करमणुकीसाठी असतो. आत देठ काढणारं यंत्र, दाबयंत्र आणि थंड ठेवलेल्या पोलादी टाक्या असतात. तुडवायची हौस असेल तर जरूर तुडवा.

"नुसती चव घेतली, प्यायलो कुठे?"

हा गैरसमज सगळ्यांत धोकादायक, म्हणून इथे हिशेबच मांडतो. एका फेरीत सहा वाइन आणि प्रत्येकी ३० मिलि धरलं तर १८० मिलि झाली. १३ टक्के तीव्रतेच्या वाइनमधून पोटात साधारण १८ ग्रॅम अल्कोहोल जातं. व्हिस्कीच्या ६० मिलिच्या पेगमध्ये २० ग्रॅम असतं. म्हणजे 'नुसती चव' जवळपास एका मोठ्या पेगाएवढी. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. मध्यम वजनाचा माणूस एवढ्या एका फेरीत ती ओलांडू शकतो, कमी वजनाची बाई तर सहज. पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एका दिवसात दोन वाइनरी करायच्या असतील तर न पिणारा चालक आधी ठरवा, खोली नंतर.

दुसरा उपाय थुंकण्याचा. टेबलावर त्यासाठीच भांडं ठेवलेलं असतं. जन्मभर 'येथे थुंकू नये'च्या पाट्या वाचलेल्या पुणेकराला ते अवघड जातं, त्यात पैसे मोजलेले असतात. पण जगभर व्यावसायिक चव घेणारे थुंकतातच. पेला देठाला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग बघायचा, फिरवून वास घ्यायचा, घोट जिभेवर सगळीकडे खेळवायचा आणि सोडून द्यायचा. चव तेवढ्यात कळते. क्रम फेसाळती, पांढरी, रोझे, लाल, शेवटी गोड. सेंट-अत्तर लावून जाऊ नये, शेजाऱ्याच्या वाइनचाही वास मारला जातो. नाशिकला गेलात तर मिसळ दौऱ्यानंतर खा. तिखटाने पोळलेल्या जिभेला सोव्हिन्यों ब्लांक आणि शेनॅं ब्लांक सारख्याच लागतात.

वाइन ही दारू नव्हेच, हा वाद महाराष्ट्राने २०२२ साली जोरात ऐकला. त्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, अण्णा हजाऱ्यांसह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अमलात आला नाही. राजकारण काहीही म्हणो, कायद्याच्या दृष्टीने ती मद्यच आहे. वाइनसाठी किमान वय २१, आणि पिण्याचा परवानाही लागतो. तो एका दिवसाचाही मिळतो. 'लाल वाइन हृदयाला चांगली' ही १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवरून पसरलेली गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलं की, अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. आवडते म्हणून प्यावी, औषध म्हणून नव्हे.

राहता राहिल्या बाटल्या. जितकी जुनी तितकी चांगली, हे फार थोड्या वाइनना लागू पडतं. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वर्ष-दोन वर्षांत संपवाव्यात, लाल त्याहून थोड्या अधिक टिकतात. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हेही खरं नाही. ताजेपणा राखायला ते बुचाइतकंच कामाचं. विकत घेतल्याचं बिल जवळ ठेवा आणि बाटल्या डिकीत टाकू नका. मार्चच्या दुपारी सोलापूर रस्त्यावर बंद डिकीत वाइन अक्षरशः शिजते. एसीच्या हवेत, सीटखाली आडव्या ठेवून आणा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चालते, त्यानंतर तिच्यात भाजी शिजवावी.