मासा, मेंढपाळ आणि योना : आद्य ख्रिस्ती चित्रांतील ‘गुप्त’ खुणा

रोमच्या वेशीबाहेर, आप्पियन आणि सालारिया यांसारख्या प्राचीन राजमार्गांच्या कडेला, जमिनीखाली कोरलेल्या दफनभूमींच्या भिंतींवर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लोकांनी जी चित्रे काढविली, त्यांच्याविषयी बहुश्रुत वाचकांच्या मनातही एक समजूत दृढमूल होऊन बसली आहे. ती अशी की, छळाच्या भयाने हे लोक भुयारांत दडून राहत, तेथेच चोरून उपासना करीत, आणि परक्याला उलगडू नये अशा सांकेतिक खुणांनी आपला धर्म भिंतींवर नोंदवून ठेवीत. ही कथा चित्तवेधक आहे खरी. परंतु तिच्या योगाने त्या चित्रांचे मर्म मात्र झाकले जाते, आणि ते मर्म मला या कथेपेक्षा कितीतरी अधिक हृदयस्पर्शी वाटते.

प्रथम स्थळाचाच विचार करू. शहराच्या हद्दीत प्रेत पुरण्यास अथवा जाळण्यास रोमन कायद्याने बारा पाट्यांच्या प्राचीन संहितेपासूनच मनाई केली होती, त्यामुळे सर्वच धर्मांच्या लोकांच्या दफनभूमी वेशीबाहेर असत. तेथील टफ नावाचा ज्वालामुखीजन्य दगड खोदण्यास सुलभ असल्याने ज्यूंनीही ख्रिस्ती लोकांप्रमाणेच अशी भुयारे कोरली. या दफनभूमी सरकारला ठाऊक नव्हत्या असे म्हणावे, तर सम्राट व्हालेरियनने 257 साली ख्रिस्ती लोकांना तेथे जाण्यास व जमण्यास बंदी करणारे जे फर्मान काढले, त्याची संगतीच लागत नाही. कारण जी जागा ठाऊकच नाही तिच्यावर बंदी कोण घालील? पुढच्याच वर्षी रोमचा बिशप दुसरा सिक्स्टस याचा अशाच एका दफनभूमीत वध झाला. छळ झाला, आणि तो दारुणही होता; परंतु 250 मध्ये डेशियसच्या अमदानीत त्याला साम्राज्यव्यापी रूप येईपर्यंत तो बहुधा स्थानिक व खंडित स्वरूपाचा होता. शिवाय दुतर्फा प्रेते ठेवलेल्या त्या अरुंद वाटांत मनुष्यवस्ती करणे केवळ अशक्य. लोक तेथे जात ते आप्तांना निरोप देण्यासाठी आणि पुण्यतिथीला त्यांच्या स्मरणार्थ एकत्र भोजन करण्यासाठी.

मग ही समजूत आली कोठून? 1578 मध्ये सालारिया मार्गावरील एक भुयार अकस्मात उघडे पडले, आणि आंतोनिओ बोझिओ या विद्वानाने पुढे अनेक वर्षे या भुयारांचा चिकाटीने शोध घेतला. तो काळ कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यातील वादाच्या ऐन भराचा होता, आणि हुतात्म्यांच्या प्रत्येक अवशेषाला त्या वादात पुराव्याचे मोल होते. एकोणिसाव्या शतकात वाइजमनची ‘फाबिओला’ आणि सिएन्किएविचची ‘क्वो व्हादिस’ या कादंबऱ्यांनी या विषयावर कल्पनेचा रंग चढविला. ‘क्वो व्हादिस’मधील नायिका वाळूत मासा रेखाटते, तो प्रसंग वाचकांच्या मनावर असा काही ठसला की, अनोळखी माणसाची ओळख पटविण्यासाठी एकाने माशाची अर्धी आकृती काढावी व दुसऱ्याने ती पुरी करावी, ही कथा आज इतिहास म्हणून सांगितली जाते. तिला प्राचीन साधनांत आधार नाही.

माशाचे महत्त्व अर्थात काल्पनिक नाही. ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या ग्रीक शब्दांची आद्याक्षरे जुळविली असता त्या भाषेतील मासा हा शब्द तयार होतो, आणि इसवी सन 200 च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्म्याचे विवेचन करताना ख्रिस्ताला मासा व भक्तांना पाण्यात जन्मणारी लहान मासोळी म्हटले आहे. परंतु हे गुपित नव्हते. व्हॅटिकन टेकडीच्या परिसरात सापडलेली लिकिनिया आमियास हिची तिसऱ्या शतकातील समाधिशिला पाहावी : तिच्यावर ‘जिवंतांचा मासा’ हे शब्द ठळक ग्रीक अक्षरांत कोरलेले असून खाली नांगर व दोन मासे आहेत, आणि या सर्वांच्या वर, कोणत्याही रोमन थडग्यावर आढळावीत तशी, पितृदेवतांना उद्देशून लिहिण्याच्या रूढ मायन्याची आद्याक्षरे आहेत. जो दडतो तो असे कोरीत नाही. आणि जो जुन्या जगाशी सर्व नाते तोडून बसला आहे, तोही असे कोरीत नाही.

गूढ भाषेचा एक अस्सल दाखला आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रिजिया प्रांतातील हिएरोपोलिस नगरीचा आबेर्कियस याने वयाच्या बहात्तराव्या वर्षी स्वतःच्या थडग्यासाठी एक पद्यलेख रचविला. तो 216 च्या पूर्वीचा आहे, आणि त्याचे तुकडे पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅम्झी यांना 1883 मध्ये सापडले. त्यात शुद्ध कुमारिकेने धरलेला झऱ्यातील मासा आहे, आणि ज्याला हे समजेल त्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी अशी विनंतीही आहे. परंतु त्याच लेखाच्या अखेरीस, या थडग्यात दुसरे प्रेत ठेवणाऱ्याने रोमच्या सरकारी खजिन्यात दोन हजार सुवर्णनाणी दंड भरावा, असे बजावले आहे. ज्याने आपल्या थडग्याच्या रक्षणाचा भार खुद्द सरकारवर सोपविला, तो त्याच सरकारपासून लपत होता असे कसे मानावे? त्याची भाषा भक्ताच्या जिव्हाळ्याची आहे; ती भयापोटी जन्मलेली नाही.

खांद्यावर मेंढी घेतलेला तरुण दिसला की ते येशूचे चित्र, हा दुसरा भ्रम. ही आकृती ग्रीक कलेत शतकानुशतके रूढ होती, आणि रोमन शवपेटिकांवर ती ग्रामीण शांततेची व भूतदयेची खूण म्हणून येई. हात उंचावून प्रार्थना करणारी स्त्रीही रोमन नाण्यांवर धर्मनिष्ठेचे मूर्त रूप म्हणून आधीच अवतरली होती. आकृती जुनीच राहिली आणि संदर्भ बदलला. अर्थ त्या संदर्भातून आला. सिरियातील दुरा-युरोपोस येथे, 256 मध्ये नगराच्या पाडावाबरोबर गाडल्या गेलेल्या घरात, बाप्तिस्म्याच्या कुंडावर मेंढपाळ रंगविला आहे आणि त्याच्या पायाशी आदाम व हव्वा लहान आकारात आहेत. तेथे मात्र तो ख्रिस्तच. रोममधील सांता मारिया आंतिक्वा येथील शवपेटिकेवर प्रार्थना करणारी स्त्री व वाचन करणारा पुरुष यांचे चेहरे अर्धवट घडविलेले राहिले आहेत : कारागिराने पेटी अगोदरच तयार ठेवावी आणि गिऱ्हाइकाच्या मृत आप्तांचे चेहरे मागाहून कोरून द्यावेत, असा तो रिवाज होता. धर्मांतर झालेल्या कुटुंबानेही त्याच कारखान्यांतून, त्याच हातांकडून आपली खरेदी केली.

या साऱ्या चित्रसृष्टीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बायबलमधील संदेष्टा योना. भुयारांत आणि शवपेटिकांवर त्याची कथा पुनःपुन्हा येते : नौकेवरून त्याला समुद्रात लोटतात, ग्रीक कथांतील सागरराक्षसासारखा एक सर्पाकृती प्राणी त्याला गिळतो, नंतर ओकून टाकतो, आणि शेवटी तो वेलीच्या छायेत विवस्त्र पहुडलेला दिसतो. ही शेवटची आकृती चंद्रदेवतेच्या प्रियकराची, निद्रिस्त एंडिमियनची आहे. रोमन शवपेटिकांवरून ती जशीच्या तशी उचलली. त्या तरुणाची निद्रा अनंत होती. योना मात्र तीन दिवसांनी जिवंत बाहेर आला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने स्वतःच्या पुनरुत्थानाची खूण म्हणून त्याचाच दाखला दिला आहे. सिंहांच्या गुहेतील दानीएल, अग्नीतील तीन तरुण, तारवातील नोहा, थडग्यातून उठणारा लाजर, हे सर्व त्याच मालिकेतले आहेत : मृत्यूच्या जबड्यातून सुटलेले. ज्यांनी आपले मूल त्या कोनाड्यात ठेवले, त्यांना परक्यापासून काही लपवावयाचे नव्हते. देवाने ज्यांना सोडविले त्यांची नावे घेऊन, यालाही तसाच सोडव, असे ते म्हणत होते.

मोराविषयी थोडेच सांगतो. आपल्याकडे तो कार्तिकेयाचे वाहन, रोममध्ये जूनोचा पक्षी. ख्रिस्ती थडग्यांवर तो अमरत्वाच्या अर्थाने येतो, आणि त्याचे मांस कुजत नाही या समजुतीची ऑगस्टीनने कार्थेजमध्ये प्रत्यक्ष परीक्षा केल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. रूपसाम्यावरून अर्थसाम्य काढणाऱ्यांनी सावध राहावे.

राहता राहिला क्रूस, जो नांगराच्या आडव्या दांडीत लपविला होता असे सांगतात. पण लपविण्यासारखे होते तरी काय? रोममधील पॅलेटाइन टेकडीवर, 200 च्या सुमाराचे मानले जाणारे एक भित्तिलेखन आहे, त्यात गाढवाच्या डोक्याचा मनुष्य क्रूसावर टांगलेला असून आलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करीत आहे असा उपहास केलेला आहे. म्हणजे निंदकालाही ही गोष्ट ठाऊक होती. क्रूसारोहणाची चित्रे आरंभी विरळ होती, याचे एक कारण असे दिसते की तो दंड गुलामांना व हलक्या समजलेल्या गुन्हेगारांना देत, आणि तो देहदंड डोळ्यांसमोर घडत असलेल्या लोकांना त्याचे चित्र थडग्यावर नको होते. पाचव्या शतकात, 430 च्या सुमारास, रोममधील सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर तो प्रसंग कोरला गेला, तेव्हाही शिल्पकाराने येशूला वेदनेने वाकलेला न दाखविता, भुयारांतल्या त्या प्रार्थना करणाऱ्या स्त्रीप्रमाणे हात पसरून उभा केला, आणि मागचे क्रूसाचे लाकूड जेमतेम दिसेल एवढेच ठेवले.