अंधारात राबणारा डोळा

श्रोतेहो, प्रकाश आला की डोळा कामाला लागतो आणि दिवा मालवला की विसावतो, अशी आपणां सर्वांची समजूत असते. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींची रीत मात्र नेमकी उलटी. त्या अंधारातच राबतात. प्रकाश पडला की त्यांचे काम मंदावते. जपानमध्ये त्सुनेओ तोमिता यांनी १९६० नंतरच्या वर्षांत माशाच्या एकेका शंकुपेशीत अतिसूक्ष्म काचनळी खुपसून तिच्या विजेची नोंद घेतली, तेव्हा हे दिसून आले.

गिरणगावातील जुन्या मंडळींना यात नवल वाटू नये. माग चालू असत तोवर त्यांच्या खडखडाटाकडे कोण लक्ष देई? तो अवेळी थांबला, तरच माणसे कान टवकारीत. थांबणे हीच बातमी!

आता हे घडते कसे ते पाहू. पेशीच्या ज्या टोकाशी पुढली पेशी भिडते, तेथे कॅल्शियमसाठी बारीक दारे असतात. पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर कॅल्शियम हजारो पटींनी अधिक. तेव्हा दार किलकिले होण्याचा अवकाश, ते आत शिरलेच. ही दारे विजेच्या दाबाने उघडतात आणि मिटतात. अंधारात पेशीतील दाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. त्या दाबाला काही दारे उघडी राहतात, कॅल्शियम आत येते आणि त्यामुळे ग्लुटामेट नावाचे रसायन पुढल्या पेशींवर अखंड पाझरत राहते. प्रकाश पडताच दाब आणखी खाली उतरतो, दारे मिटतात, पाझर आटतो. पुढल्या द्विध्रुवी पेशींपैकी काही या खंडानेच जाग्या होतात व उजेडाची वर्दी देतात; उरलेल्या अंधाराची. शरीरातील इतर पुष्कळ कॅल्शियम-दारे उघडल्यावर लौकरच आपोआप मिटतात. डोळ्यातील या दारांना तशी घाई नसते. रात्रभर राबणाऱ्याला ती परवडायचीही नाही.

आपल्यापैकी कित्येकजण रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी घेतात. ती रक्तवाहिन्यांतील अशाच दारांना आवरते. डोळ्यातील दारे त्यांची चुलत भावंडे असली, तरी त्या गोळीला फारशी जुमानीत नाहीत. म्हणून हे व्याख्यान ऐकून कोणी गोळी बंद करू नये.

या दाराचा साचा ज्या जनुकात आहे, ते एक्स गुणसूत्रावर असते. जन्मजात, पण वयाबरोबर सहसा न वाढणाऱ्या रातांधळेपणाच्या एका प्रकारात तेच बिघडलेले असते, असे १९९८ मध्ये आढळले. अशा मुलाची नजर दिवसाही थोडी अधू असते, पुष्कळदा उणे नंबरचा चष्मा लागतो, कधी बुबुळे थरथरतात. आपल्याकडे रातांधळे म्हटले की गाजर, शेवग्याचा पाला आणि 'अ' जीवनसत्त्व! त्या जीवनसत्त्वाच्या उणिवेने आलेल्या रातांधळेपणात ते खरोखरच गुणकारी आहे, कारण डोळ्यातील प्रकाश टिपणारे द्रव्य त्यापासूनच बनते; भारतात १९७० पासून लहान मुलांना त्याचे डोस देण्याची योजना आहे. पण येथे द्रव्य शाबूत असते, अडते ते दाराशी. गाजराने दार दुरुस्त होत नाही, आणि आईने खाण्यापिण्यात हयगय केली असा ठपका तर निखालस अन्यायाचा. बिघडलेले जनुक मुलाकडे आईकडूनच येते हे खरे. पण तिची स्वतःची नजर बहुधा चांगली असते, आणि तिच्या प्रत्येक मुलग्याला ते मिळण्याचा संभव निम्मा असतो.

निदानासाठी नेत्रवैद्य दृष्टिपटलाची विद्युत्-नोंद घेतात. डोळ्यावर प्रकाशाचा झोत टाकला की आधी खाली जाणारी एक लाट उमटते, ती प्रकाशग्राही पेशींची. या मुलांत ती जवळजवळ नेहमीसारखी येते. तिच्या पाठोपाठ उंच उठावयाची ती द्विध्रुवी पेशींची लाट मात्र खुजी राहते.