सत्तर टक्क्यांची रेघ

पुण्यात महामार्गालगतच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचा कोपरा लांबूनच ओळखू येतो. बाकीच्या शेडची फरशी तेलकट, काळी; इथे जाड रबरी मॅट, भोवती पिवळी साखळी आणि खांबाला टांगलेला लांब दांड्याचा आकडा. हा कशासाठी, असं विचारलं तर तिथला तंत्रज्ञ हातमोजे तपासत सांगतो, "जोडीदाराला शॉक बसला तर हात लावून सोडवायला जायचं नाही. ह्याने ओढायचं." हातमोजे तपासायची त्याची रीतही बघण्यासारखी आहे. मोज्यात हवा कोंडायची, तोंड पिळून धरायचं आणि कानाशी नेऊन ऐकायचं. टाचणीएवढं भोक असलं तरी फुसफुस कळते. मग त्यावर चामड्याचे मोजे चढतात.

लिफ्टवर माझ्या मेव्हण्याची गाडी होती, चार वर्षं वापरलेली. तक्रार अशी, की साताऱ्याहून येताना खेड शिवापूर मागे पडून कात्रजच्या बोगद्याची चढण लागली तेव्हा पडद्यावर बावीस टक्के दिसत होते. चढणीच्या मध्यावर ते एकदम सहावर आले, ताकद आखडल्याची खूण म्हणून पडद्यावर कासव उमटलं आणि गाडी ट्रकांच्या मागे रांगू लागली. असं पुन्हा पुन्हा होत होतं. आधीच्या खेपांना सर्व्हिस ॲडव्हायझरने लॅपटॉप लावून एकच उत्तर दिलं होतं: "एसओएच एक्याऐंशी आहे सर. सत्तरच्या खाली गेला की क्लेम बसतो. गाडी ओके आहे."

एसओएच म्हणजे बॅटरीच्या तब्येतीची टक्केवारी. नवी असताना जेवढी वीज मावत होती, तिच्या तुलनेत आज किती मावते हे सांगणारी. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतलं जे आधी होईल ते, आणि तोवर निदान सत्तर टक्के क्षमता, अशी वॉरंटीची चौकट जगभर रुळली आहे. आपल्याकडच्या वॉरंटी पुस्तिकांत वर्षं आणि किलोमीटर ठळक छापलेले असतात. टक्केवारी शोधावी लागते, आणि कधी कधी तिच्या जागी 'सामान्य वापरामुळे होणारी घट यात येत नाही' एवढंच वाक्य सापडतं.

गंमत म्हणजे ही टक्केवारी थेट मोजता येत नाही. बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, किती करंट आत गेला आणि किती बाहेर पडला याची बेरीज-वजाबाकी करत राहते आणि तिला तापमान व व्होल्टेजची जोड देऊन अंदाज बांधते. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी सेल असतात. त्यांची एक खोड आहे: साधारण वीस ते नव्वद टक्क्यांच्या दरम्यान त्यांचं व्होल्टेज ३.२ ते ३.३ च्या आसपासच घुटमळत राहतं. चाळीस टक्के आहेत की साठ, हे व्होल्टेजवरून ओळखणं अवघड. म्हणून असे सेल असलेल्या गाड्या अधूनमधून स्लो चार्जरवर पूर्ण शंभर टक्के भराव्यात असं सांगतात. काठोकाठ भरल्यावरच बीएमएसला आपला हिशेब दुरुस्त करायला जागा मिळते. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलना मात्र रोज शंभर टक्के भरून उभं ठेवणं मानवत नाही. सोसायटीतल्या जाणकारांचा सल्ला ऐकण्याआधी त्यांच्या गाडीत कोणते सेल आहेत, एवढं विचारून घ्यावं.

मेव्हणा हिशेबी माणूस. त्याने पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटला वेगळा मीटर बसवून घेतला होता. गाडी दहा टक्क्यांवर आणायची, रात्रभर शंभरपर्यंत भरायची आणि सकाळी मीटरचं रीडिंग वहीत टिपायचं. समजा बॅटरी ४० युनिटांची आहे आणि मीटर ३३ युनिटं दाखवतोय. त्यांतली दहा-बारा टक्के चार्जरमध्ये उष्णता होऊन जातात, म्हणजे आत पोचली साधारण २९. ही नव्वद टक्क्यांची भरती झाली, तेव्हा पूर्ण टाकी ३२ च्या थोडी वर. चाळीसपैकी बत्तीस, म्हणजे एक्याऐंशीच्या घरात. त्याच्या वहीतही एक्याऐंशीच आले! कंपनीचा आकडा खरा होता, फक्त तक्रारीशी त्याचा संबंध नव्हता.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे झीज. पहिल्या काही चार्जिंगमध्ये सेलच्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर चढतो. तो हवाच असतो. त्याच्यावाचून सेल टिकणार नाही. पण पुढेही तो हळूहळू जाड होत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. ही झीज सुरुवातीला जास्त, मग मंद. उन्हाळ्यात, आणि विशेषतः भरलेली गाडी तापत उभी राहिली तर वेगाने. जिओटॅब ही कॅनडातली कंपनी वाहनांमधून थेट माहिती गोळा करते. तिने हजारो गाड्यांवरून काढलेली सरासरी २०२० मध्ये वर्षाला २.३ टक्के होती, २०२४ मध्ये १.८. आठ वर्षांचे पंधरा टक्के धरा. म्हणजे चारचौघांसारखी वापरलेली गाडी वॉरंटी संपेपर्यंत सत्तरच्या रेघेजवळ फिरकतसुद्धा नाही. कंपन्यांनी ती रेघ तिथे उदारपणे आखलेली नाही, हिशेब करून आखली आहे.

रेघ ओलांडणाऱ्यांचं गाजलेलं उदाहरण ॲरिझोनातलं. २०१० च्या अखेरीस आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय नव्हती. फीनिक्स भागातल्या उन्हाळ्यात २०१२ पर्यंत अनेकांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या पट्ट्या एकेक करून विझू लागल्या. एकूण पट्ट्या बारा. मालकांनी फोटो काढले, तारखा जुळवल्या, स्वतःच गाड्या एकत्र आणून चालवून पाहिल्या. २०१२ च्या शेवटी निसानने कबूल केलं, की पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांच्या आत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर बॅटरी दुरुस्त करू किंवा बदलू, आणि निदान नऊपर्यंत आणून देऊ. नव्यासारखी बारा नव्हे, नऊ. तरीही हा मालकांचा विजयच होता, आणि माझ्या मते तो शक्य झाला कारण पट्ट्या मालकाच्या डोळ्यांसमोर होत्या. आज आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हा आकडा फक्त सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपवर दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बिघाड, आणि नव्या बॅटऱ्या प्रत्यक्षात मिळतात त्या बहुधा बिघाडापायी. पॅकमध्ये शंभरेक सेल-गट एकापाठोपाठ एक, एकाच माळेत जोडलेले असतात. जुन्या सोवळ्याच्या पंगतीत एकजण ताटावरून उठला की बाकीच्यांचंही जेवण तिथेच आटपायचं, पानात पुरणपोळी शिल्लक असली तरी. इथेही तेच. एखाद्या गटाचा अंतर्गत रोध वाढला, की जोराची मागणी येताच त्याचं व्होल्टेज कोसळतं. तो गट कायमचा मरू नये म्हणून बीएमएस सगळ्या पॅकचाच पुरवठा आखडून घेते. बाकीच्या गटांत वीस-बावीस टक्के वीज असून उपयोग नाही.

गाडी उभी असताना लॅपटॉप लावला तर यांतलं काही दिसत नाही. सगळे गट एका रांगेत, फरक फार तर दहा-वीस मिलिव्होल्ट. मेव्हण्याने या खेपेला हट्ट धरला, की लॅपटॉप लावून चढणीला जाऊ. तंत्रज्ञ शेजारी बसला, मी मागे. कात्रजच्या दिशेने चढण सुरू झाली तसे पडद्यावरचे हिरवे खांब सगळेच किंचित खाली सरकले. एक मात्र ३.१ वर आला, मग ३.०, मग तांबडा होऊन २.७. पाय सैल सोडला की पुन्हा वर. "हा बघा, सत्तेचाळीस," तंत्रज्ञ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क आनंद होता. इतके दिवस ॲडव्हायझर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला पुरावा सापडला होता. त्याने लॉग सेव्ह केला.

मग कागदांचा प्रवास. लॉगची फाइल, ओडोमीटरचा फोटो, सर्व्हिसच्या नोंदी, चार्जिंगचा इतिहास आणि पॅकच्या खालच्या बाजूचे फोटो, म्हणजे दगड लागून पत्रा आत गेलाय का किंवा पुराच्या पाण्यात गाडी उभी होती का ते बघायला. बाहेरून हॉर्न किंवा दिवे बसवताना कुणी वायर कापली असेल तर क्लेम तिथेच अडकतो. अप्रूव्हल यायला काही आठवडे गेले. या काळात मेव्हण्याने ग्राहक आयोगाची माहिती काढून ठेवली होती. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तपासणी लागेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ती वेळ आली नाही.

पॅक उतरवण्याचं काम मी पूर्ण पाहिलं, आणि त्यात घाई कुठेच नव्हती. आधी १२ व्होल्टची साधी बॅटरी सोडवली. मग सर्व्हिस प्लग उपसून तंत्रज्ञाने तो स्वतःच्या खिशात ठेवला. दुसऱ्या कुणी परत बसवू नये म्हणून. मग नुसतं थांबायचं, कारण इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरांत साठलेली वीज ओसरायला वेळ लागतो. मल्टिमीटर आधी एका चालू बॅटरीवर लावून तो नीट दाखवतोय ना ते पाहिलं, मग नारिंगी केबलींच्या टोकांवर लावला. शून्य. मगच कूलंट काढलं, बोल्ट सैल केले आणि खाली सरकवलेल्या हायड्रॉलिक टेबलावर काही शे किलोंचा तो चपटा पेटारा अलगद बसला. गाडीतून सुटला तरी त्याच्या आतलं तीनशेहून जास्त व्होल्टेज जात नाही, ते बंद करायचं बटण नसतं. या सेंटरला पॅक उघडायची परवानगी नाही. तो पेटीत घालून कारखान्याकडे जाणार, आणि तिथे सत्तेचाळिसावा गट काढून बाकीचे कदाचित दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाणार.

कारण बदली पॅक दरवेळी कोरा असेलच असं नाही. दुरुस्त करून पाठवलेलाही चालतो, असं पुस्तिकेत असतं. आणि वॉरंटी नव्याने सुरू होत नाही, जुन्या गाडीची उरलेली मुदत तेवढीच. बॅटरीवर आयुष्यभराची वॉरंटी असं अलीकडे जाहिरातींत दिसतं, तिथेही 'पहिला खासगी मालक' हे शब्द वाचून घ्यावेत. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला आकडा कोण दाखवणार, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचाने २०२२ मध्ये केलेल्या बॅटरीविषयक नियमात पाच वर्षांना ८० आणि आठ वर्षांना ७० टक्के या किमान मर्यादा आहेत. पण मला त्यातलं दुसरं कलम जास्त मोलाचं वाटतं. बॅटरीत किती दम उरला आहे ते मालकाला गाडीतच वाचता आलं पाहिजे, असं ते म्हणतं. कॅलिफोर्नियानेही २०२६ च्या मॉडेलांपासून तेच बंधन घालायचं ठरवलं होतं.

नवा पॅक बसल्यावर गाडीची आणि त्याची ओळख सॉफ्टवेअरमधून करून दिली गेली, कूलंटमधली हवा काढली गेली, गाडीच्या पत्र्यात कुठे वीज झिरपत नाही ना ते तपासलं गेलं. बिलावर शून्य रुपये. जुन्या पॅकचा एसओएच जॉब कार्डावर लिहून द्या, असा मेव्हण्याने आग्रह धरला, तेव्हा ॲडव्हायझरने जरा कुरकुरत पेनने ८१ लिहिलं. तंत्रज्ञ किल्ली द्यायला बाहेर आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, पुढच्या वेळी कुणाचीही गाडी आणलीत तर तक्रारीत 'रेंज कमी' लिहू नका. ते लिहिलं की आम्ही एसओएच बघतो आणि गाडी परत देतो. 'चढणीला लोडवर पॉवर जाते' असं लिहा, किती टक्क्यांवर गेली तेही लिहा. मग आम्हाला सेल बघावेच लागतात."