जाहिरातींचा कायदा आणि वैद्याचे उत्तरदायित्व

जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांतील रोजंदारीवरचा रुग्ण ‘मधुमेह मुळासकट बरा’ या ग्वाहीवर विसंबून चालू औषधे सोडतो, तेव्हा पैशाबरोबर त्याचा जीवही पणाला लागतो. म्हणून ‘औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४’ प्रत्येक वैद्याने व औषधविक्रेत्याने जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, अपस्मार, क्षय आदी ५४ नोंदी आहेत. त्या व्याधी औषधाने बऱ्या होतात असे सुचविणारी जाहिरात निषिद्ध आहे. ‘जाहिरात’ या संज्ञेत पत्रक, लेबल, वेष्टन यांबरोबर तोंडी घोषणाही येते; आठवडे बाजारातील कर्ण्यावरचा पुकारा त्यातून सुटत नाही. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड वा दोन्ही होऊ शकतात. मात्र अमुक व्याधीवर येथे उपचार होतात, एवढे सांगणारा फलक नोंदणीकृत वैद्यास आपल्या चिकित्सालयात लावता येतो.

आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीस पूर्वसंमती आवश्यक करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला व १ जुलै २०२४ रोजी वगळण्यात आला. त्यास सर्वोच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती ११ ऑगस्ट २०२५ रोजी प्रकरण निकाली निघताच संपली. १९५४ चा अधिनियम मात्र कायम आहे.

चरकाचार्यांनी वातज प्रमेह, ज्यात मधुमेह येतो, असाध्य मानला आहे. तेव्हा तो समूळ बरा करण्याची हमी कायद्यास तशीच शास्त्रासही अमान्य होय. वैद्याने प्रथम साध्यासाध्यता पाहावी आणि फलकावरही तेवढेच लिहावे.