यीस्टचे अन्न : प्राणिज द्रव्यांवाचून प्रथिननिर्मिती

यीस्ट सर्वपरिचित आहे ते पाव फुगविणारा व मद्य आंबविणारा सूक्ष्मजीव म्हणून. परंतु त्याच्या पेशीत योग्य जनुक घातला असता हाच जीव माणसाला हवी ती प्रथिने तयार करून देतो. १९८६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ‘ब’ प्रकारच्या काविळीवरील लस अशीच यीस्टमध्ये तयार झाली. मधुमेहावरील इन्सुलिनही या मार्गाने मिळते. ही औषधे रोग्याच्या शरीरात टोचावयाची असतात. म्हणून यीस्टला कोणते अन्न दिले, हा प्रश्न गौण राहत नाही.

प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमात शेकडा १ भाग यीस्टचा अर्क, २ भाग पेप्टोन व २ भाग ग्लुकोज असते. पेप्टोन म्हणजे बहुधा मांस अथवा दुधातील केसीन एंझाइमांनी पचवून केलेली भुकटी. तिच्यावर यीस्ट जोमाने वाढते. परंतु तिची घटना दर खेपेस तंतोतंत सारखी नसते. शिवाय १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांच्या मेंदूचा एक रोग ओळखला गेला व १९९६ मध्ये माणसातील तशाच प्राणघातक रोगाशी त्याचा संबंध जाहीर झाला. त्यास कारण होणारी प्रिऑन नामक विकृत प्रथिने १२१° सें. तापमानाच्या नेहमीच्या वाफेने खात्रीने नष्ट होत नाहीत. तेव्हा संशयास्पद द्रव्य शुद्ध करीत बसण्यापेक्षा ते मुळातच टाळणे श्रेयस्कर ठरले.

अशा द्रव्यांवाचून यीस्ट वाढेल काय, हा वाद जुना आहे. १८६० मध्ये पाश्चर यांनी साखर, अमोनियम लवण व यीस्टची राख एवढ्यावर यीस्ट वाढविले. लीबिग यांना ते मान्य झाले नाही. १९०१ मध्ये विल्डिअर्स यांनी मर्म दाखविले. बीज अत्यल्प असल्यास वाढ होत नाही. भरपूर असल्यास त्याबरोबर एक अज्ञात पोषक द्रव्यही माध्यमात जाते. त्यास त्यांनी ‘बायॉस’ म्हटले. त्यातील बायोटिन हा घटक क्यॉगल व ट्यॉनिस यांनी १९३६ मध्ये अंड्याच्या बलकातून वेगळा केला. आज तो रासायनिक संश्लेषणाने मिळतो.

त्यामुळे पिचिया जातीच्या यीस्टला फॉस्फरिक आम्ल, पोटॅशियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची लवणे, लेशमात्र लोह, तांबे व जस्त, बायोटिन आणि कार्बनासाठी प्रथम ग्लिसरॉल व नंतर मिथेनॉल एवढे पुरते. अमोनिया नायट्रोजन पुरवितो आणि वाढती आम्लताही आवरतो.

तरीही एक अडचण उरते. पेशीबाहेर आलेल्या प्रथिनाचे प्रथिनभेदक एंझाइम तुकडे करतात. पेप्टोन त्यांच्यापुढे दुसरे भक्ष्य ठेवते. ते काढले की हे संरक्षणही जाते. मग आम्लता बदलणे, तापमान उतरविणे, या एंझाइमांना कार्यक्षम करणारा जनुक काढलेले वाण वापरणे, अथवा सोयाबीनचे पेप्टोन घालणे, हे उपाय योजावे लागतात. परंतु सोयाबीन पचविणारे एंझाइमच डुकराच्या स्वादुपिंडातील असेल, तर मूळ हेतू फसतो. तेथे पपईच्या चिकातील पपेन योजता येते. ग्लिसरॉल वनस्पतितेलापासून निघते, तसे जनावरांच्या चरबीपासूनही निघते. सारांश, माध्यम प्राणिजद्रव्यरहित आहे की नाही, हे घटकांच्या नावांवरून ठरत नाही. प्रत्येक घटकाचे कूळ तपासावे लागते.