ढोल-ताशांचा गजर आणि मुलांचे कान

श्रावण सरतो न सरतो तोंच सोलापुरांत लेझीम, ढोल, ताशा व हलगी यांचा सराव सुरू होतो. हा आमच्या शहराचा खरोखर अभिमानाचा विषय होय. शिस्त, व्यायाम व सहकार्य यांचा लाभ मुलांस तेथें एकदमच होतो. तेव्हां मुलांस घरीं डांबून ठेवा, असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु सरावाहून परतलेला नातू 'कानांत किणकिण होते' असें म्हणूं लागला, तर वडील मंडळींनीं तें हंसण्यावारी नेऊं नये.

सुश्रुतानें कानाचे २८ विकार सांगितले असून त्यांत प्रणाद व बाधिर्य यांची गणना केली आहे. आजचें शास्त्र या दोहोंचें नातें दाखवितें. कानाच्या आंतील शंखाकृति पोकळींत सुमारें १५,००० सूक्ष्म रोमपेशी असतात. त्यांच्या हालण्यानें ध्वनीचा संदेश मेंदूस पोंचतो. फार मोठ्या आवाजानें त्यांस इजा होते, तेव्हां किणकिण ऐकूं येते. वारंवार तसें घडलें तर त्या मरतात, आणि मनुष्यांत त्या पुन्हां उगवत नाहींत. प्रथम उंच स्वर जातात. बोलणें ऐकूं येतें, पण स, श, फ हीं व्यंजनें पुसट होतात. ज्यास 'स्वजन' व 'श्वजन' यांतील भेद ऐकूं येईनासा झाला, त्यास तंबोऱ्याचा सूक्ष्म स्वर काय कळणार? ही हानि दुखत नाहीं, म्हणूनच उशिरां ध्यानांत येते. यंत्रमागांच्या खडखडाटांत जन्म घालविलेल्या विणकराशीं मोठ्यानें बोलावें लागतें, हें सोलापूरकरांस सांगावयास नको.

कामगारांसाठीं अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेनें सुचविलेली मर्यादा अशी कीं, ८५ डेसिबलांचा आवाज दिवसांत ८ तास. पुढें दर ३ डेसिबलांस वेळ निम्मा. या हिशेबानें १०० डेसिबलांत पाव तासच काय तो मिळतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीचा आवाज मोजीत आले आहेत; २०२३ सालीं त्याची सरासरी १०० च्या वर गेली. ताशेवाल्याचा ताशा तर त्याच्या गळ्यांतच असतो, आणि मिरवणूक चालते तासन्‌तास!

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली. परंतु हा नियम मुख्यतः शेजाऱ्यांसाठीं आहे. वादकाचा कान घरच्यांनींच सांभाळावयाचा आहे.

कापसाच्या बोळ्यानें फारसें कांहीं साधत नाहीं. मऊ स्पंजाचे इअर प्लग स्वस्त असतात. वादकांसाठीं खास मिळणारे प्लग सर्व स्वर जवळजवळ सारखेच मंद करितात, म्हणून ताल-सूर बिघडत नाहींत. सराव बंद दालनांत न करितां मोकळ्यावर करावा, मधून मधून विश्रांति घ्यावी, ताशेवाल्यांची पाळी बदलावी, कर्ण्यापुढें उभें राहूं नये आणि त्या दिवशीं हेडफोन बाजूस ठेवावा. दुसऱ्या दिवशींही किणकिण राहिली, तर कानाच्या डॉक्टरांस दाखवावें.

सोबती चेष्टा करितील या भयानें एकटें मूल प्लग घालीत नाहीं. यासाठीं वडीलधाऱ्यांनीं पथकप्रमुखांस भेटून सर्वांसच तो नियम लावून घ्यावा. ढोलाचें पान फाटलें तर नवें चढवितां येतें. कानाचें तसें नाहीं.