बेघर कोणाचे? सुरतच्या रेल्वेमार्गालगतचा धडा

सुरतमधील उत्राण ते भेस्तान या पट्ट्यात रेल्वेच्या जमिनीवर वसलेल्या झोपडपट्टीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी एक आदेश दिला. पाडल्या जाणाऱ्या प्रत्येक झोपडीमागे दरमहा दोन हजार रुपये, कमाल सहा महिन्यांपर्यंत, द्यावेत आणि हा भार रेल्वे, गुजरात सरकार व सुरत महापालिका यांनी समसमान वाटून घ्यावा, असे त्यात म्हटले होते. रक्कम लहान होती; पण एका झोपडीसाठी तीन यंत्रणांना एकत्र उत्तरदायी धरले गेले, हे या आदेशाचे खरे महत्त्व.

वाद सुरत-उधना ते जळगाव या रेल्वेमार्गाच्या विस्तारातून उद्भवला. रहिवाशांच्या मंडळाने न्यायालयात धाव घेतल्याने २०१४ पासून ‘जैसे थे’ स्थिती होती. ऑगस्ट २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती उठवली आणि पाडकाम सुरू झाले. तोवर प्रत्येक यंत्रणेकडे आपापले उत्तर तयार होते. जमीन आपली, पण पुनर्वसन आपले काम नव्हे, ही रेल्वेची भूमिका. शहर आपले, पण जमीन रेल्वेची, ही महापालिकेची अडचण. या दोन उत्तरांच्या मधल्या फटीत माणसे पडत होती. अतिक्रमण वेळीच न रोखण्याची जबाबदारी जमीनमालक रेल्वेइतकीच स्थानिक संस्थेवरही येते, असे न्यायालयाने सुनावले आणि पात्र कुटुंबांचे प्रधानमंत्री आवास योजनेखालील अर्ज मुदतीत निकाली काढण्यास सांगितले.

ही फट केवळ सुरतची नाही. ती व्याख्येतच आहे. जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारा. २०११ मध्ये देशाच्या शहरांत असे ९.३८ लाख लोक मोजले गेले. झोपडी उभी असेपर्यंत तिच्यातला माणूस या मोजणीत येत नाही. ती पडली की त्याच संध्याकाळी तो बेघर होतो. झोपडीवासीयांसाठी एक योजना, बेघरांसाठी दुसरी. पण एकीतून दुसरीत ढकलल्या जाणाऱ्या माणसाला मधल्या काळात वाली कोण, याचे उत्तर दोन्हींकडे सहसा नसते.

सुरतमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण हे शहर स्थलांतरितांच्या श्रमावर उभे आहे. यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील कामगार राबतात. लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अनेक उडिया कामगार ‘मेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. दिवसपाळीचा कामावर गेला की त्याच जागेवर रातपाळीचा अंग टाकतो. बांधकाम मजुरांना तेवढेही मिळत नाही. १९ जानेवारी २०२१ रोजी सुरत जिल्ह्यातील कोसंब्याजवळ रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर ट्रक चढला आणि १५ जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेक राजस्थानातील बांसवाड्याकडचे होते.

कागदावर व्यवस्था आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायमस्वरूपी निवारा, माणशी पन्नास चौरस फूट जागा आणि पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय असा निकष घालून दिला. २०११ ची सुरतची सुमारे ४५ लाख लोकसंख्या धरली, तरी हिशेब साडेचार हजार जागांचा होतो. निधी केंद्र व राज्याचा, जागा व देखरेख पालिकेची, दैनंदिन कारभार बहुधा स्वयंसेवी संस्थेचा, अशी कामाची वाटणी. निवारा कामाच्या ठिकाणाजवळ असावा, अशीही अपेक्षा आहे; पहाटे मजूर नाक्यावर पोहोचायचे असेल तर शहराबाहेरची खाट निरुपयोगी ठरते.

टाळेबंदीत मजुरांचे हाल झाल्यावर जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. तिच्याखाली सुरतमधील ३९३ रिकामी सरकारी घरे भाड्यासाठी उपयोगात आणली गेली. संख्या अल्प असली, तरी आधीच बांधलेले घर आणि गरजू माणूस यांची गाठ घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे त्यातून दिसले.

सरकारी यंत्रणेला जे जमत नाही, ते समाज करू शकतो. फलाटावर कोण निजतो, कोणाचे शिधापत्रक गावी राहिले, कोणाकडे वास्तव्याचा पुरावाच नाही, हे पालिकेच्या नोंदवहीपेक्षा वस्तीतल्या मंडळाला अधिक ठाऊक असते. उत्राण-भेस्तानची लढाई रहिवाशांच्या मंडळानेच लढवली. मात्र मंडळ याद्या करू शकते. घर देऊ शकत नाही. त्यासाठी पाडकामाची नोटीस निघण्यापूर्वी जमीनमालक, पालिका, जिल्हाधिकारी आणि वस्तीचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसणे आवश्यक आहे.

गोव्यालाही हा प्रश्न परका नाही. २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, वास्कोतील बायणा किनाऱ्यावरची घरे पाडली गेली, तेव्हाही पुढे काय, हाच सवाल उरला होता. इथेही जमीन एकाची, पालिका दुसऱ्याची आणि मजूर परप्रांतीय, म्हणजे कोणाचाच नाही, अशी स्थिती सहज उद्भवते. सुरतच्या रहिवाशांना तीन यंत्रणांची संयुक्त जबाबदारी मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. ती जबाबदारी बुलडोझर येण्याआधी, जिल्हा पातळीवरच निश्चित झाली, तर न्यायालयाचे दार ठोठावण्याची वेळ येणार नाही.